दिवेवाल्याचं संत्रं

"मामाजी आता कोणाले ओळखत नाहीत, मावशी," घरची सून माणिकबाई दारातच म्हणाली. "तुमी एवढ्या लांबून आल्या म्हणून आधीच सांगून राहिली. मंग मनाले लावून घेऊ नका."

पार्बताबाईने मान डोलावली आणि कमरेवरची संत्र्यांची पाटी ओट्यावर टेकवली. शेंदूरजनाघाटच्या माळ्याच्या घरातली बाई पाटी डोक्यावर न घेता पोरासारखी कमरेवर घेऊन चालते, हे तिच्या गावात कोणी पाहिलं असतं तर हसलंच असतं. पण तिचा उजवा खांदा धरला होता. हात वर जायलाच तयार नव्हता. वेणीफणी डाव्या हाताने, देवाला फूल वाहायचं तेही डाव्या हाताने. वैद्याचं तेल झालं, बिब्बा झाला, खांद्याने कोणाचंच ऐकलं नाही. जन्मभर दुसऱ्याचं ऐकणाऱ्या बाईच्या अंगात एक तरी अवयव हट्टी निघाला, असं तिचा नवरा किसनराव म्हणायचा.

आदल्या दिवशी ती घरून निघाली होती. मोटरीने अमरावती, तिथे भाचीकडे मुक्काम, मग बडनेऱ्याहून आगगाडीने मूर्तिजापूर. मोटरीच्या क्लीनरने पाटी टपावर टाकायला मागितली तर तिने दिली नाही, सगळी वाट मांडीवर धरून बसली. शेजारच्या बाईने विचारलं, आत असं काय आहे? संत्री, असं ऐकल्यावर ती बाई दुसरीकडे बघू लागली. त्या वर्षी वऱ्हाडात संत्र्यांचा आंबिया बहार उदंड आला होता आणि संत्र्याला कोणी मांडीवर घेण्याइतकं मोठं समजत नव्हतं.

माणिकबाईने पाणी दिलं आणि काम काय ते विचारलं.

"काम काही नाही, बाई," पार्बताबाई म्हणाली. "तुमच्या मामाजींचे उपकार हायेत माझ्यावर. ते फिटाचे नाहीत. नुसतं त्यायले सांगाचं हाय, का मी जिती हावो."

हे सांगायला तिला सारा जन्म लागला होता, कारण हा माणूस कुठे आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. पत्ता लागला तो एका थट्टेतून. देवीदास नावाचा मूर्तिजापूरचा एक ड्रायव्हर दर हंगामाला त्यांच्या बगिचातल्या करंड्या न्यायला यायचा. बोलका माणूस. करंड्या भरता भरता तो आपल्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याचा किस्सा सांगत होता. म्हाताऱ्याच्या नातवाला शाळेत घालायचं होतं. मास्तरांनी रिवाजाप्रमाणे पोराला उभं केलं आणि उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायला सांगितलं. हात पोचला की पोर शाळेजोगतं झालं. म्हातारा बाहेर बसला होता. त्याने ते पाहिलं, आत घुसला, पोराचा हात खाली ओढला आणि 'नाही पोचत, नाही पोचत' असं ओरडत त्याला उचलून घरी घेऊन आला. शेवटी सुनेने म्हाताऱ्याला चोरून नाव घातलं. करंड्या भरणाऱ्या बाया पोट धरधरून हसल्या. पार्बताबाईच्या हातातलं संत्रं मात्र गवतात पडलं. तिने विचारलं, त्या म्हाताऱ्याचं नाव चंद्रभान तर नाही? देवीदास म्हणाला, हो, चंद्रभानबाबा. तुम्ही कशा ओळखता?

ती कशी ओळखत होती हे किसनरावाला माहीत होतं. त्याने दुसऱ्या दिवशी स्वतः झाडावर चढून पहिल्या तोडीची पाटी भरून दिली आणि एवढंच म्हणाला की, जाऊन ये.

पार्बताबाई तेव्हा पारू होती, सहा-सात वर्षांची. बाप पटकीत गेला. पाऊस नाही, शेतात काम नाही. तेव्हा तिची माय तानुबाई गावच्या टोळीबरोबर सातपुडा ओलांडून पलीकडच्या कोळशाच्या खाणीवर गेली. खाणीवर बाईने कोळशाची टोपली वाहायची आणि बाईबरोबर तिचं पोरही आत जायचं. पोराच्या हातात एक ढिबरी, म्हणजे टिनाचा छोटा तेलाचा दिवा, आणि डोक्यावर त्याच्या मापाची टोपली. पुरुष कुदळीने कोळसा पाडत. त्यांच्या पायांतून, कुदळीचं पातं चुकवत, बारीक तुकडे वेचायचं काम पोरांचं, कारण तिथे मोठं माणूस मावत नसे. वर लाकडांच्या टेकूंवर छत तोललेलं. कधी टेकू करकरला की मोठी माणसं जागच्या जागी थांबत. पोरं हसत. त्यांना तो आवाज बैलगाडीच्या चाकासारखा वाटायचा. आत रडायची सोय नव्हती, मुकादमाला रडणारं पोर चालत नसे. पारू खोकली की थुंकी काळी पडायची आणि सगळ्याच पोरांची काळी पडायची, म्हणून तिला ते खोकल्याचंच लक्षण वाटे. असल्या जागी पोरं घालणाऱ्या जगाला काय म्हणावं? पण त्या पोरांना ते जगच माहीत होतं, दुसरं नव्हतं.

चंद्रभान खाणीच्या तोंडाशी बसायचा. तो दिवेवाला. सकाळी आत उतरणाऱ्या प्रत्येकाला तेल भरून ढिबरी द्यायची, संध्याकाळी वर येणाऱ्याकडून ती परत घेऊन फळीवर मांडायची. फळीवर एखादी जागा रिकामी राहिली, तर एक माणूस अजून खाली आहे असं समजायचं. जवान, सडसडीत माणूस, फारसा बोलत नसे.

एकदा कोणी मोठा साहेब तपासणी करून गेला आणि बजावून गेला, की लहान पोरं खाली दिसता कामा नयेत. पण लहान कोण नि मोठं कोण? पोराचं जन्मसाल कोणत्या आईला ठाऊक होतं? तेव्हा मुकादमाने गावाकडचीच रीत लावली: हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचला, तर पोर मोठं. साहेबाला सांगायला तेवढं पुरे होतं. हे बघायचं काम, दिवे देता देता, चंद्रभानच्या गळ्यात आलं.

झालं, वस्तीतल्या साऱ्या आया पोरांचे हात तेल लावून चोळायला बसल्या. तानुबाईही पारूचा हात धरून रोज ओढायची. आपलं पोर त्या भोकात उतरावं म्हणून आया पोरांचे हात लांब करत होत्या, हे ऐकून आज कोणी नाक मुरडेल. त्याने रिकाम्या चुलीपुढे दोन दिवस बसून पाहावं. पोराची टोपली बंद झाली की चूल अर्धी बंद होत होती.

पारूची जोडीदारीण शकुन, शेजारच्या झोपडीतली. वय तेच, पण अंगाने उंचाडी, हात लांबसडक. दोघी समोरासमोर उभ्या राहून सराव करायच्या. शकुनचा हात सहज पोचायचा, पारूचा बोटभर कमी पडायचा. शकुनने मग तिला युक्ती शिकवली: मान थोडी वाकडी कर, कानच हाताकडे जातो. पारूने करून पाहिलं आणि दोघी खुशीत नाचल्या.

त्या सकाळी रांगेत पारू पुढे होती, शकुन मागे. पारूने हात नेला, मान वाकडी केली, बोटं कानाला लागली. ती चंद्रभानकडे बघून हसली. चंद्रभानने दिव्याकडे नेलेला हात थांबवला, दोन्ही तळवे तिच्या गालांना लावले आणि मान सरळ केली. बोटं कानावरून सुटली.

"नाही पोचत," तो म्हणाला. "जा घरी."

तानुबाईने त्याला तिथेच धुतला. रांडाव बाईच्या पोटावर पाय देतो, तुझ्या हातापायाला किडे पडतील, असं नाही नाही ते बोलली. चंद्रभान ऐकून घेत होता. मागून शकुन पुढे झाली. ताठ मानेने, सरळ नजरेने तिने हात नेला आणि कान पुरता मुठीत धरला. चंद्रभानने तिला दिवा दिला. उतारावरून खाली जाता जाता शकुनने मागे वळून पारूला जीभ काढून दाखवली. पारू मोठ्याने रडायला लागली. तिला एकटं सोडवेना म्हणून तानुबाईही त्या दिवशी खाली गेली नाही, बाहेर बसून शिव्याच देत राहिली.

दुपारी त्याच बाजूचं छत बसलं.

माती, धूळ, धावपळ. काही माणसं निघाली, काही नाही. शकुनची माय टोपली रिती करायला वर आली होती म्हणून वाचली, शकुन आतच राहिली. संध्याकाळी फळीवर रिकाम्या जागा होत्या. शकुनची माय चंद्रभानच्या पुढ्यात बसून कपाळ बडवत होती आणि एकच विचारत होती.

"तानूच्या पोरीले नाही म्हटलं. मंग माह्या पोरीलेच कावून नाही म्हटलं रे बापा?"

दुसऱ्या दिवशी दिवे तसेच फळीवर सोडून चंद्रभान निघून गेला, कुठे ते कोणाला कळलं नाही. तानुबाईनेही पोरीला खांद्यावर घेतलं आणि आल्या वाटेने सातपुडा उतरली. अर्ध्या वाटेत ती एका झाडाखाली बसली, पारूचे गाल चंद्रभानने धरले होते तसे धरून पाहिले आणि खूप वेळ रडली. ज्या तोंडाने त्याला किडे पडण्याचा शाप दिला होता, त्याच तोंडाने तिने पुढे जन्मभर त्याला आशीर्वाद दिले.

शेंदूरजन्याला नुकते बगिचे लागत होते, निंदणाला हात हवे होते. माय-लेकी तिथे लागल्या. वर्ष कसंही असो, संत्र्याच्या पहिल्या तोडीतलं एक फळ तानुबाई बाजूला काढून कुडाच्या खुंटीपाशी ठेवायची. हे दिवेवाल्याचं, म्हणायची. दुसऱ्या दिवशी ते घरातलंच कोणी पोर खाऊन टाकी, आणि तिला तेही बरं वाटे. त्याच्या नावाचं पोरांच्याच पोटात जाऊ दे. मरताना तिने पार्बतेला सांगितलं होतं, तो कधी सापडला तर पाटी घेऊन जाजो.

पार्बताबाईचं पुढचं आयुष्य चारचौघींसारखंच गेलं. माळ्याच्या घरात पडली. सासू तोंडाची तिखट होती, दोन लेकरं गेली, तीन राहिली, एकदा झाडांना डिंक्या रोगाने खाल्लं. पण तिला एक सवय होती. सासू अंगणात ताडताड बोलायला लागली की ही खाली मान घालून उन्हात उभी राहायची आणि मनात म्हणायची, बोलू दे. वर उन्हात उभी आहे ना मी. सकाळी उठून दार उघडलं की उजेडाला हात जोडायची. देवाला जोडते असं लोक समजत. शकुनची आठवण आली की मात्र हे सारं आपण दुसऱ्याच्या ताटातलं खातोय असं वाटे, आणि मग त्या दिवशी ती दारात आलेल्या कोणत्याही पोराला खाऊ घातल्याशिवाय जाऊ देत नसे.

माणिकबाईने तिला मागच्या अंगणात नेलं. कडुनिंबाखाली बाजेवर एक म्हातारा बसला होता. अंग वाळून गेलेलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पार्बताबाईला खूण पटली ती तळव्यांवरून. लांब, सपाट तळवे. गालांना अजून त्यांची ओळख होती. तिने वाकून पायांवर डोकं ठेवलं आणि बाजेशेजारी खाली बसली.

सगळी वाट घोळवलेलं बोलणं ती एका दमात बोलली. मी पारू, तानुबाईची. खाणीच्या तोंडावर तुम्ही मला परत पाठवलं होतं. माझ्या लग्नात मायचे डोळे भरून आले ते तुमच्यासाठी. मला तीन लेकरं आहेत, नातू आहे, बगिचा आहे. हे त्याच बगिचातलं. तिने एक संत्रं सोलून फाक त्याच्या हातात दिली. त्याने ती चघळली, बी बाजूला काढली आणि तो पुढची फाक चाचपू लागला. माणिकबाईने 'सांगितलं नव्हतं का' अशा नजरेने पाहिलं आणि ती चहा ठेवायला आत गेली.

काही सुचेना म्हणून पार्बताबाई नुसतं म्हणाली, "त्या दिवशी खाणीच्या वरच राहिली मी, बाबा."

खाण हा शब्द ऐकून म्हाताऱ्याचा हात थांबला. त्याने चेहरा तिच्याकडे वळवला.

"शकुन?"

"नाही, बाबा. मी पारू. जिले तुमी घरी धाडलं."

"घरी धाडली ते नाही," तो चिडून म्हणाला. "घरी गेली ते गेली. तिची मान वाकडी होती, मी सरळ केली, बस. जे खाली गेली ते म्हणतो मी. तिची मान सरळ होती. हात पुरता पोचला. एक खोटं बोलाले काय गेलं असतं माह्यं?"

खरं सांगायचं तर पार्बताबाईला आधी रागच आला. ज्याच्या नावाने दर वर्षी फळ काढून ठेवलं, त्याला ती आठवतसुद्धा नव्हती. त्याने तिला वाचवायचं ठरवलंही नव्हतं, नुसती मान सरळ केली होती. त्याच्या मनात एवढी वर्षं एकच पोर होती, आणि ती पारू नव्हती. एवढं मोठं देणं घेऊन ती आली आणि दारात घेणाराच नाही, असं तिला झालं.

म्हातारा अजून तिच्याकडे तोंड करून होता. त्या पांढऱ्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं, तरी ते वाट बघत होते. तो पुन्हा म्हणाला, शकुन, आली का तू वर?

पार्बताबाईने पदराने तोंड पुसलं.

"आली, बाबा," ती म्हणाली. "आली मी वर."

"मंग दिवा दे परत."

त्याने हात पुढे केला. पार्बताबाईने इकडेतिकडे पाहिलं आणि पाटीतलं एक संत्रं त्या तळव्यावर ठेवलं. त्याने ते चाचपलं, वजन केल्यासारखं खालीवर केलं. "तेल हाय अजून याच्यात," असं पुटपुटला आणि ते आपल्या शेजारी, बाजेच्या कडेला, नीट मांडून ठेवलं. मग श्वास सोडला. किती दिवस कोंडलेला होता कोण जाणे.

पण लगेच त्याच्या कपाळाला आठी पडली. पोर वर आली होती, पण उद्याची सकाळ, उद्याची रांग होतीच. तो बाजेवर ताठ बसला आणि त्याचा आवाज एकदम जवान झाला.

"उभी राय. हात दाखव कानाले."

पार्बताबाई उठून उभी राहिली. सवयीने तिचा डावा हात वर निघाला होता. तो धडधाकट होता, सहज पोचला असता. तिने तो खाली घेतला. मग धरलेला उजवा हात उचलला. तो खांद्यापर्यंत आला, तिथे कळ निघाली, आणि तिने आणखी रेटला तरी तो तिथेच अडला. म्हातारा उठून उभा राहिला, चाचपत तिच्या दंडापासून बोटांपर्यंत आला, मग बोटांपासून कानापर्यंत. मधलं अंतर त्याने तळव्याने पुन्हा पुन्हा पाहिलं. मग दोन्ही तळवे तिच्या गालांना लावले. मान सरळच होती.

"नाही पोचत," तो म्हणाला. त्याचं सारं तोंड हसत होतं. "नाही पोचत, शकुन. जा घरी."

"जातो, बाबा," ती म्हणाली.

माणिकबाई चहाचा कप घेऊन दारात उभी होती, कधीची कोण जाणे. पार्बताबाईने चहा उभ्यानेच घेतला, संत्री माणिकबाईच्या सुपात ओतली आणि बाबांच्या नातवाला द्या म्हणून सांगितलं. जे सांगायला ती एवढ्या लांब आली होती ते ऐकून घेणारं कोणी भेटलं नव्हतं, आणि तरी तिला हलकं वाटत होतं. म्हातारा आडवा झाला होता. एक हात त्याने बाजेच्या कडेच्या संत्र्यावर ठेवला होता.

अंगणात ऊन होतं. पार्बताबाईने रिकामी पाटी कमरेवर घेतली आणि सांगितल्याप्रमाणे घरी निघाली.